थंड मुलखात हीटिंगच्या कामाला निघालात? आधी पाणी फिरवायला शिका

बेळगावात डिसेंबरात कितीही हुडहुडी भरली तरी पारा शून्याच्या आसपास जात नाही. स्वेटर, शेकोटी आणि बंबाचं पाणी एवढ्यावर आपला हिवाळा निघतो. त्यामुळे भिंतीवर लोखंडी पॅनेल, म्हणजे रेडिएटर, बसवून त्यातून गरम पाणी फिरवायचं आणि खोली उबदार ठेवायची, ही व्यवस्था इकडे कुणी बघितलेली नसते. आयटीआयला फिटर किंवा प्लंबर केलेला खानापूर-निपाणीकडचा पोरगा लेहला, हिमाचलात किंवा परदेशात कामाला लागला की मात्र पहिल्याच आठवड्यात त्याला बॉयलर रूममध्ये उभं करतात. पाईप ओळखीचे, व्हॉल्व ओळखीचे, पण कुठलं कशासाठी ते कळत नाही. हा लेख त्याच्यासाठी.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. नवे लोक अँटिफ्रीझवर, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळायच्या द्रवावर, नको इतका भरवसा ठेवतात. लाइनमध्ये एअर आहे, फुगलेलं पाणी सामावणाऱ्या टँकची हवा गेलीय, रोज थोडं थोडं पाणी गळतंय, आणि मालक म्हणतो, 'दोन ड्रम अँटिफ्रीझ टाका, झालं काम.' तसं होत नाही. पाणी नीट फिरत नसेल तर अँटिफ्रीझ घालून ते आणखी वाईट फिरतं, आणि वर एक विषारी द्रव सांभाळायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.

आधी बघा, बॉयलर वाफेचा की गरम पाण्याचा

साखर कारखान्यात काम केलेल्यांना बॉयलर म्हणजे वाफ एवढंच माहीत असतं. वाफेच्या बॉयलरला सरकारी नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्र असलेला अटेंडंट लागतो. १९२३ च्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा बॉयलर कायदा आलाय. वाफेचा बॉयलर हाताळायचा परवाना तुमच्याकडे नसेल तर त्याच्या जवळही जाऊ नका. आपण बोलतोय ते गरम पाण्याच्या बॉयलरबद्दल. त्यात पाणी साधारण ६० ते ८० अंशांपर्यंत तापतं, वाफ व्हायची नसते, आणि तेच ते पाणी पंपाने रेडिएटरमध्ये जाऊन परत येतं.

बंबाशी याचं नातं पाणी तापवण्यापुरतंच. बंब वरून उघडा असतो, पाणी फुगलं तर बाहेर येतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. इथे सगळी लाइन बंद आहे. फुगलेल्या पाण्याला जागा दिली नाही तर ते स्वतः जागा करून घेतं. या कामातला निम्मा धोका एवढ्यातच आहे.

लाइन कागदावर काढा

पहिल्या दिवशी पाना हातात घेऊ नका, वही घ्या. बॉयलरच्या तोंडापासून सुरू करून पाणी जिकडे जातं तिकडे चालत जा आणि वाटेत जे दिसेल ते काढत जा: एअर सेपरेटर (पाण्यातली हवा वेगळी करणारा), एक्स्पान्शन टँक (फुगलेल्या पाण्याला जागा देणारा), पंप, एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व), मग मजल्यांच्या लाइनी, रेडिएटर, परतीची लाइन, वाय स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी), आणि पुन्हा बॉयलर. बाजूला सेफ्टी व्हॉल्व (प्रेशर फार वाढलं की पाणी बाहेर सोडणारा), प्रेशर गेज आणि पाणी भरायची जोडणी. एनआरव्हीवरचा बाण पाण्याच्या दिशेला आहे ना ते बघून घ्या. उलटा बसवलेला एनआरव्ही कुणाच्या लक्षात येत नाही आणि दोष नेहमी पंपावर जातो.

टँक पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे का, हे खास बघा. पंपाने टँककडून पाणी ओढायचं आणि रेडिएटरकडे ढकलायचं. हे उलटं झालं तर पंप सुरू होताच वरच्या मजल्यावरचं प्रेशर खाली येतं, हवा काढायच्या कुठल्या तरी व्हेंटमधून हवा उलट आत ओढली जाते, आणि तुम्ही रोज एअर काढत बसता.

कुठला पाईप कशाचा आहे तेही लिहा. काळा लोखंडी, तांब्याचा, प्लॅस्टिकचा की जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी). जीआय असेल तर त्याखाली लाल रेघ ओढून ठेवा. का ते पुढे येईल.

साध्या पाण्याने भरा आणि एअर काढा

नवी लाइन असो की जुनी, पहिली भरणी साध्या पाण्याची. गळती साध्या पाण्यात सापडली तर फडक्याने पुसता येते. अँटिफ्रीझ घातल्यावर सापडली तर पैसेही जातात आणि फरशी निसरडी होते ती वेगळीच. बाहेर गोठायची थंडी असेल तर ही चाचणी बॉयलर सुरू ठेवून किंवा दुपारी करा, आणि पाणी लाइनमध्ये तसंच टाकून रात्री घरी जाऊ नका.

भरताना खालून वर भरत चला, सावकाश. प्रत्येक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात चावीने उघडायचा छोटा व्हेंट असतो. तो थोडा उघडा, फुसफुस आवाज थांबून पाण्याची सलग धार आली की बंद करा. मग पुढचा. सगळ्यात खालच्या मजल्यापासून सुरुवात, शेवट सगळ्यात वर. पंप त्या वेळी बंद हवा.

एअर कुठे अडकलीय हे हातालाही कळतं. रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर वर हवा आहे. वर गरम आणि खाली गार असेल तर तळाला गाळ बसलाय, तिथे व्हेंट कितीही उघडा, उपयोग नाही. एकच रेडिएटर पूर्ण गार आणि बाकीचे गरम असतील तर आधी त्याचा व्हॉल्व बघा, मग बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या रेडिएटरना पाणी नीट वाटलं जातंय का ते.

पाणी तापल्यावर त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, म्हणून पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा तरी व्हेंट करावंच लागतं. त्यानंतरही रोज एअर निघत असेल तर ती कुठून तरी आत येतेय.

प्रेशर आणि टँक: इथे घाई नको

१ बार म्हणजे आपल्याकडे मिस्त्री ज्याला १ किलो म्हणतात जवळपास तेवढंच, आणि त्याने पाणी १० मीटर वर चढतं. समजा तीन मजली इमारत आहे आणि सगळ्यात वरचा रेडिएटर गेजपासून ९ मीटर उंच आहे. नुसतं तिथवर पोचायला ०.९ बार गेले. वर थोडा दाब उरावा म्हणून ०.३ ते ०.५ जादा धरा. म्हणजे लाइन गार असताना गेजवर १.२ ते १.४ दिसायला हवं.

आता पाणी तापवा. १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की पाणी जवळपास ३ टक्के फुगतं. ३०० लिटरच्या लाइनमध्ये ते ८-९ लिटर झाले. ते एक्स्पान्शन टँकमध्ये जातात. टँकमध्ये रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हवेचा दाब लाइनच्या गार प्रेशरएवढाच किंवा किंचित कमी ठेवायचा असतो, आणि तो मोजताना टँकच्या पाण्याच्या बाजूचं प्रेशर शून्य करावं लागतं. भरलेल्या लाइनवर टायरचा गेज लावला तर तो लाइनचंच प्रेशर दाखवणार आणि तुम्ही 'टँक ठीक आहे' म्हणून निघून जाणार. ही चूक मुरलेले मिस्त्रीही करतात.

टँक बिघडल्याची खूण सोपी आहे. लाइन तापली की काटा झपाट्याने वर, ३ बारला सेफ्टी व्हॉल्व ठिबकायला लागतो, आणि गार झाली की काटा एकदम खाली. मग कुणीतरी नवं पाणी भरतं. तापलं की पुन्हा ठिबक. टँकच्या हवेच्या व्हॉल्वमधून पाणी आलं तर पडदा फाटलाय, टँक बदला.

ठिबकतोय म्हणून सेफ्टी व्हॉल्वला प्लग मारू नका. त्याच्या पाईपवर कॉकही बसवू नका. काही ठिकाणी 'पाणी वाया जातंय' म्हणून हे केलेलं दिसतं. दिसलं तर दुसरं काही करायच्या आधी बॉयलर बंद करा आणि प्लग काढायला लावा. साहेब ओरडले तरी चालेल. बंद लाइनमध्ये शंभराच्या पुढे तापलेलं पाणी एकदम मोकळं झालं की त्याची क्षणात वाफ होते, आणि त्या खोलीतला माणूस वाचत नाही.

उंचीचा हिशेबही ध्यानात ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथे उघड्या पातेल्यात पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळतं. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे ८८ च्या सुमारास. म्हणून प्रेशर पडलेल्या लाइनमध्ये बॉयलर ८५ ला लावून ठेवला तर तिकडे बॉयलरच्या आत खडखड सुरू होते. थर्मोस्टॅट खाली आणा, आणि प्रेशर का पडलं ते शोधा.

पंप

बेळगावच्या उद्यमबागेत इंडक्शन फर्नेसवर (धातू वितळवायच्या विजेच्या भट्टीवर) काम केलेल्याला फिरणाऱ्या पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. कॉइल थंड ठेवणारं पाणी थांबलं की भट्टी ट्रिप होते. इथे तेवढं तातडीचं नसतं, पण तत्त्व तेच. बॉयलर चालू आणि पंप बंद, अशी स्थिती कधी येऊ देऊ नका.

हीटिंगचे छोटे पंप बहुतेक पाण्यानेच आपलं बेअरिंग ओलं ठेवणारे असतात. त्यांचा शाफ्ट आडवाच हवा. कोरडे पाच मिनिटंही चालवायचे नाहीत. पाणी कमी करायचं असेल तर पंपाच्या पुढचा व्हॉल्व आवळा, मागचा नाही. मागचा आवळला तर पंप खडे चावल्यासारखा आवाज करतो आणि इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, खाल्ला जातो. पाणी पुरेसं फिरतंय का हे जाणारी आणि परतीची लाइन यांच्या तापमानातल्या फरकावरून कळतं. मिनिटाला १० लिटर पाणी फिरतंय आणि फरक १० अंश आहे, तर साधारण ७ किलोवॅट उष्णता खोल्यांना मिळतेय. फरक ३० वर गेला तर पाणी अडतंय. आधी वाय स्ट्रेनर उघडून साफ करा. दहातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

अँटिफ्रीझ खरंच हवं का

गोठताना पाणी ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं. पण पाईप बहुतेक वेळा बर्फ झालेल्या जागी फुटत नाही; बर्फाचा बूच आणि पुढचा बंद कॉक यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याने फुटतो. लाइन इमारतीच्या आत आहे, बॉयलर अखंड चालू राहतो, वीज गेली तर जनरेटर आहे, अशा ठिकाणी साधं पाणी आणि चांगलं इन्सुलेशन पुरतं. इमारत हिवाळ्यात बंद राहत असेल तर लाइन पूर्ण रिकामी करणं हाही चांगला मार्ग आहे, फक्त खोलगट वळणांत पाणी उरत नाही ना ते बघा. अँटिफ्रीझ लागतं ते बाहेरून गेलेल्या पाईपला, रात्री बंद होणाऱ्या बॉयलरला, विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी.

आपल्या गावच्या घरगुती सोलरमध्ये किंवा हॉटेलच्या गरम पाण्याच्या लाइनमध्ये याचं काहीच काम नाही. आंघोळीच्या पाण्याच्या लाइनमध्ये तर कुठल्याच गावात नाही.

घालायचंच ठरलं तर दोन जाती समजून घ्या. एथिलिन ग्लायकॉल विषारी, स्वस्त, गाड्यांच्या कूलंटमध्ये तेच असतं. प्रोपिलिन ग्लायकॉल त्या मानाने खूपच सौम्य, महाग, आणि माणसं राहतात त्या इमारतीत तेच घालायचं. तेही हीटिंगसाठी बनवलेलं, गंजरोधक मिसळलेलं. गाडीचं कूलंट बॉयलरमध्ये ओतायचं नाही. ते विषारी आहेच, शिवाय त्यातल्या सिलिकेटचा थर उष्णता देणाऱ्या पृष्ठभागावर बसतो आणि कधी कधी जेलीसारखा चिकट गोळा होतो. रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे हे आणि गुलाबी म्हणजे ते, असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही, लेबल वाचा. लेबल नसलेला किंवा सील फुटलेला ड्रम स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

आता ती लाल रेघ. जीआय पाईपवरचा जस्ताचा थर आणि ग्लायकॉलमधला गंजरोधक यांचं जमत नाही. गाळ तयार होतो, स्ट्रेनर तुंबतात, आणि गंजरोधक संपून जातो. जीआयच्या लाइनमध्ये ग्लायकॉल घालायला सांगितलं तर आधी पाईप बदलायचं बोला.

मिसळायचं कसं

प्रोपिलिन ग्लायकॉल ३० टक्के असेल तर मिश्रण उणे १३ अंशांच्या सुमारास गोठायला लागतं, ४० टक्क्यांना उणे २१-२२, ५० टक्क्यांना उणे ३३. उत्पादकाच्या तक्त्यात थोडा फरक असेल, अंतिम शब्द त्याचा. जास्त घातलं की जास्त चांगलं, असं नाही. घट्ट मिश्रण पंपाला जड जातं, आणि ४०-५० टक्क्यांचं मिश्रण लिटरमागे साध्या पाण्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी उष्णता वाहून नेतं. ते फुगतंही जास्त, म्हणून टँक मोठा लागतो. उलट २०-२५ टक्क्यांच्या खाली गेलात तर गंजरोधक अपुरा पडतो आणि पाण्यात जंतू वाढून घाण वास येतो.

आधी लाइनमध्ये किती लिटर मावतं ते काढा. आतून २५ मिलिमीटर असलेल्या पाईपमध्ये मीटरला जवळपास अर्धा लिटर बसतं; रेडिएटर आणि बॉयलरचा आकडा त्यांच्या प्लेटवर किंवा माहितीपत्रकात असतो. २०० लिटरची लाइन आणि ४० टक्के हवं, तर ८० लिटर ग्लायकॉल. लाइनमध्ये आधीच २० टक्क्यांचं मिश्रण असेल आणि ४० वर न्यायचं असेल, तर ५० लिटर काढून तेवढंच शुद्ध ग्लायकॉल घाला. हिशेब करून बघा, जमतो.

मिसळणं बाहेर, स्वच्छ पिंपात. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणीच वापरा. अथणी-रायबागकडच्या बोअरच्या पाण्याने भांड्याला येणारा पांढरा थर ज्यांनी बघितलाय त्यांना कारण कळेल: जड पाण्यातले क्षार गंजरोधकाला धरून खाली बसतात. मिश्रण छोट्या पंपाने लाइनमध्ये ढकला आणि तासभर तरी फिरवा, मग नमुना घ्या.

प्रमाण तपासायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर लागतो. उसाचा ब्रिक्स (रसातली साखर) बघायला कारखान्याची माणसं शेतात जे यंत्र आणतात त्याच जातीचं, पट्टी तेवढी वेगळी. प्रोपिलिन आणि एथिलिनच्या पट्ट्याही वेगवेगळ्या असतात, चुकीच्या पट्टीवर वाचू नका. बॅटरीवाल्यांचा तरंगता हायड्रोमीटर प्रोपिलिनला कामाचा नाही, घनता ठरावीक प्रमाणाच्या पुढे वाढायची थांबते आणि तो फसवतो.

विषाबद्दल, स्पष्ट शब्दांत

एथिलिन ग्लायकॉल गोड लागतं. म्हणूनच लहान मुलं, कुत्री, मांजरं ते पितात. मोठ्या माणसाला शंभरेक मिलिलिटर जीवघेणं ठरू शकतं, मुलांना त्याहून कितीतरी कमी. पिल्यावर आधी दारू चढल्यासारखं होतं, मग थोडं बरंही वाटतं, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. 'बरं वाटतंय' यावर थांबायचं नाही. उलटी करवू नका, घरगुती उपाय नकोत. १०८ ला फोन करा किंवा थेट डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि ड्रमचं लेबल किंवा त्याचा फोटो बरोबर न्या. यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो.

याच कुळातलं डायएथिलिन ग्लायकॉल औषधी ग्लिसरीनमध्ये निघालं म्हणून १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते. लेंटिन आयोग त्यावरच नेमला गेला. तिथे सगळी शिकलेली माणसं होती. बॉयलर रूममध्ये तर उरलेलं द्रव पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवणारे महाभाग असतात. असं करू नका, दुसऱ्याला करू देऊ नका. ड्रम मूळचाच, झाकण घट्ट, खोलीला कुलूप. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आपल्या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या वाद घालता येतात. ड्रमवरची पाटी मात्र त्या इमारतीतल्या प्रत्येकाला वाचता येईल अशा सगळ्या भाषांत लिहा आणि कवटीचं चित्र काढा.

लाइन रिकामी करायची तर ४० अंशांच्या खाली आल्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. सेफ्टी व्हॉल्वच्या पाईपखाली पिंप ठेवा. जुनं द्रव गटारात, शेतात, ओढ्यात सोडायचं नाही. ते पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे मरतात. कंत्राटदाराला विल्हेवाटीची सोय करायला लावा, आणि ती होईपर्यंत पिंपावर नाव घालून ठेवा.

पाणी भरायची जोडणी

ठरावीक दिवशीच नळाला पाणी येणाऱ्या गल्लीत राहणाऱ्यांनी बघितलेलं असतं: पाणी गेल्यावर नळ उघडला की तो हवा आत ओढतो. त्याच ओढीने बॉयलरमधलं द्रव पिण्याच्या लाइनमध्ये मागे येऊ शकतं. नुसत्या एनआरव्हीवर विसंबू नका. बॅकफ्लो प्रिव्हेंटर लागतो. ग्लायकॉल असलेल्या लाइनला तर नळाची कायमची जोडणी नकोच. वेगळ्या टाकीतून, तयार मिश्रणच, हातपंपाने भरा. आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व असेल तर गळतीचा पत्ता लागत नाही आणि तुमचं ४० टक्क्यांचं मिश्रण हिवाळ्याच्या मध्यावर १५ टक्क्यांवर आलेलं असतं.

दर हिवाळ्याआधी

सप्टेंबरातच हे उरका. नमुना काढून प्रमाण बघा आणि पीएच बघा. पीएच ७ च्या खाली आलं तर द्रव आम्लधर्मी झालंय, आता तेच लाइन खातंय, बदला. काळं पाणी म्हणजे आत लोखंड गंजतंय, बहुधा सतत नवं पाणी भरल्याने. टँकची हवा, सेफ्टी व्हॉल्व, स्ट्रेनर बघून घ्या. धुराडं मोकळं आहे आणि खोलीत हवा येतेय हेही बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॉयलरवर टॅग बांधा: कुठलं ग्लायकॉल, किती टक्के, कुठल्या तारखेला. रजेवर गेलात तर मागच्या माणसाला फोन करायला लागू नये.

गाडीत बसताना पिशवीत रिफ्रॅक्टोमीटर, पीएचच्या पट्ट्या, टायरचा चांगला गेज, जाड हातमोजे, वही आणि रेडिएटरची चावी हवी. चाव्या दोन घ्या, एक हरवतेच.